आव, चिठ्ठी आणि ‘ना ना ना’: ब्लिंक-१८२च्या १९९९च्या अल्बमचं प्रकरण

सीडीवरचं सहावं गाणं आहे ‘डिसेंट्री गॅरी’. आपल्या भाषेत आव पडलेला गॅरी. आपलं मन जिच्यावर बसलंय ती पोरगी या गॅरीबरोबर फिरते, म्हणून त्याला शिव्या. शेवटी शेवटी साऱ्या जगालाच शिव्या, कुणाच्या तरी आईचा उद्धार, आणि त्यातच मध्येच ‘माझा कुत्रा कुठाय?’ अशी चौकशी.

सातवं गाणं म्हणजे एका मुलाची शेवटची चिठ्ठी. सोळाव्या वर्षी किती बरं होतं ते त्याला आठवतं. घरात सांडलेला सफरचंदाचा रस आठवतो. तुझा दोष नाही, एवढं आईला कळवा म्हणतो. गिटारच्या जोडीला पियानो वाजतो. चार मिनिटांच्या थोडं वर जाणारं हे गाणं अल्बममधलं सगळ्यात लांब.

आठव्या गाण्यात तीन मिनिटांच्या आत सगळं उरकतं. जिन्याजवळ ठेवलेली गुलाबं, आणि शब्द सुचले नाहीत तिथे सरळ ‘ना ना ना’.

हे तिन्ही एका अल्बमवर, एकापाठोपाठ एक. अल्बमचं नाव ‘एनिमा ऑफ द स्टेट’, प्रकाशन १ जून १९९९, बँड ब्लिंक-१८२. सहाव्या गाण्यामुळे सातव्याचं हसं व्हायला हवं होतं, आणि सातव्यामुळे आठवं बेशरम वाटायला हवं होतं. दोन्ही झालं नाही. का झालं नाही, हा या प्रकरणाचा विषय.

मंडळी कुठली

सॅन डिएगो शहराच्या उत्तरेला पाउवे नावाचं उपनगर आहे. रुंद रस्ते, एकसारखी घरं, मोटारी लावायला ऐसपैस जागा आणि संध्याकाळी करायला काहीही नाही. पंक, म्हणजे रॉक संगीतातला वेगवान, बंडखोर प्रकार, म्हटलं की लंडनची बेकारी नाहीतर न्यूयॉर्कच्या कळकट गल्ल्या डोळ्यांपुढे येतात. इथे तसलं काही नव्हतं. पोटाला होतं, स्केटबोर्ड होता, आणि बऱ्याच घरांत आईवडील वेगळे झालेले होते. बँडमध्ये गिटार वाजवणाऱ्या आणि गाणाऱ्या टॉम डिलाँगच्याही. बेस वाजवणारा, गाणारा मार्क हॉपस या गावचा नव्हे, पण आईवडील वेगळे झालेले त्याचेही.

टॉम बास्केटबॉलच्या सामन्याला दारू पिऊन गेला म्हणून पाउवेच्या शाळेने त्याला काढून टाकलं. मार्कचे वडील संरक्षण खात्यासाठी क्षेपणास्त्रांवर काम करायचे. मार्क स्वतः इंग्रजीचा शिक्षक व्हायचं म्हणून कॉलेजात गेला आणि ते अर्धवट सोडून बसला. १९९२ साली मार्कच्या बहिणीने दोघांची गाठ घालून दिली. पहिल्याच भेटीत टॉमवर छाप पाडायला मार्क रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावर चढला, आणि उतरताना पायांची अशी वाट लावली की पुढचे कित्येक दिवस कुबड्या. बँडच्या पुढच्या सगळ्या कारभाराची चुणूक इथेच दिसते: आपली फजिती होणार हे माहीत असूनही खांबावर चढायचं.

सुरुवातीला नाव नुसतं ‘ब्लिंक’ होतं. आयर्लंडमधल्या त्याच नावाच्या बँडने हरकत घेतल्यावर शेपटीला १८२ लावलं. या आकड्याचे अर्थ त्यांनी मुलाखतीगणिक वेगवेगळे सांगितले, तेव्हा त्यात शिरण्यात हशील नाही. ‘चेशायर कॅट’ हा पहिला अल्बम १९९५मध्ये आला. तो तीन दिवसांत उरकला होता आणि ऐकताना ते कळतं. दुसरा ‘ड्यूड रँच’ १९९७चा. त्यातलं ‘डॅमिट’ रेडिओवर चाललं आणि बँडच्या डोक्यावर पहिल्यांदा अपेक्षांचं ओझं आलं.

१९९८ची अडचण

त्या वर्षी दौऱ्याच्या धामधुमीत पहिला ड्रमर स्कॉट रेनर बँडमधून गेला. दौऱ्यावर ‘ॲक्वाबॅट्स’ नावाचा विचित्र पोशाखांतला बँडही होता. त्यांच्या ड्रमरला विनवण्यात आलं, आणि त्याने कार्यक्रमातली वीसेक गाणी तासाभराच्या आत बसवली. हाच ट्रॅव्हिस बार्कर. फाँटानाचा. शाळेच्या बँडपथकात कवायतीचे ढोल वाजवून हात तयार झालेला, आणि त्याआधी लगूना बीचला कचऱ्याच्या गाडीवर काम केलेला. मार्क आणि टॉम दोघे स्वतःला कामचलाऊ वादक म्हणवून घेत. बार्कर मात्र खरोखरचा वाजवणारा होता. याचा परिणाम पुढे येतोच.

दुसरी अडचण नावलौकिकाची. एमसीएसारख्या मोठ्या कंपनीशी करार केला की पंकवाल्यांच्या लेखी तुम्ही विकले गेलात. हा सोवळेपणा केवढा कडक होता बघा: बर्कलीतल्या ९२४ गिल्मन स्ट्रीट या क्लबने मोठ्या कंपनीच्या बँडना दरवाजा बंद ठेवला होता आणि ज्या ग्रीन डेला त्या क्लबने वाढवलं, त्यालाही त्यात सूट नव्हती. ग्रीन डेने १९९४मध्ये ‘डुकी’ हा अल्बम काढून दाखवून दिलं होतं की तीन सुरांचं वेगवान गाणं लाखोंनी खपतं. म्हणजे ब्लिंक-१८२पुढे रस्ता तयार होता, पण त्या रस्त्याने जाणाऱ्याला शिव्या खाव्या लागतील हेही ठरलेलं होतं. त्यांनी पुढे केलं काय, तर बाकीच्यांनी शिव्या द्यायच्या आधी आपणच आपली टर उडवायची, तीही इतकी की दुसऱ्याला काही शिल्लक राहू नये.

नाव आणि नर्स

‘एनिमी ऑफ द स्टेट’, म्हणजे राज्यसत्तेचा शत्रू, हा पंकला शोभणारा भारदस्त शब्दप्रयोग. त्यातल्या शत्रूचा एनिमा केला. आपल्या घरांत बस्तीप्रयोगावर जे विनोद होतात त्याच जातकुळीचा हा विनोद, फार वरच्या दर्जाचा नाही.

मुखपृष्ठावर नर्सच्या वेशातली बाई हातमोजा चढवते आहे. ती प्रौढ चित्रपटांतली अभिनेत्री जनीन लिंडेमल्डर. आरंभीच्या प्रतींत तिच्या टोपीवर लाल क्रॉस होता. अमेरिकन रेड क्रॉसने त्याला आक्षेप घेतला आणि पुढच्या छपाईत तो गेला. हे चिन्ह जिनिव्हा करारांनी संरक्षित आहे, ते वाटेल त्याला वापरता येत नाही. (आपल्याकडेही १९६०चा कायदा तेच सांगतो. तरी गल्लीतल्या दवाखान्याची पाटी आणि डॉक्टरांच्या स्कूटरची काच पाहून कुणाला तसं वाटणार नाही.) लाल क्रॉस असलेली ती पहिली प्रत आज संग्राहक शोधत असतात.

मुखपृष्ठाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. चेष्टेचं लक्ष्य ही तीन पोरं स्वतः असतात तोवर अल्बम आजही ताजा वाटतो. मुलगी लक्ष्य झाली की शिळा वाटतो. पहिलंच गाणं ‘डम्पवीड’ घ्या. मैत्रिणीला कुत्र्यासारखं वळण लावता यावं अशी इच्छा त्यात आहे. एकोणिसाव्या वर्षी मी ते मोठ्याने म्हटलंय. आता तेवढ्यापुरता आवाज कमी करतो.

विनोदाला शब्द ऐकू यावे लागतात

माझ्या मते सगळी मेख इथे आहे.

ध्वनिमुद्रण १९९९च्या जानेवारीत सुरू झालं आणि मार्चपर्यंत चाललं, सॅन डिएगो आणि लॉस एंजलिसच्या वेगवेगळ्या स्टुडिओंत. निर्माता जेरी फिन. ‘डुकी’चं मिक्सिंग त्यानेच केलेलं होतं. गिटारच्या आवाजाबद्दल तो कमालीचा चिकित्सक होता, आणि पोरांच्या थिल्लरपणात आनंदाने सामीलही होत होता. आधी बार्करचे ड्रम घेतले. त्याने आपलं काम झटपट संपवलं. मग त्या पक्क्या जोत्यावर गिटार आणि आवाज सावकाश चढवले. टॉम लॉर्ड-ॲल्जीने मिक्सिंग केलं, रॉजर मॅनिंगने कीबोर्ड आणि पियानो वाजवला.

‘फार स्वच्छ, फार गुळगुळीत’ ही अल्बमवरची नेहमीची टीका. खरी आहे. पण पंकच्या गढूळ ध्वनीत शब्द बुडाले तरी संताप पोचतो. आरडाओरडा कळायला व्याकरण लागत नाही. विनोदाचं तसं नाही. शब्द निसटला की विनोद मेला. ‘माझा कुत्रा कुठाय?’ हे नीट ऐकू आलं नाही तर ती नुसती शिवीगाळ उरते. मार्कचा खालचा, सपाट, जवळजवळ बोलल्यासारखा आवाज आणि टॉमचा नाकातला, वर चढणारा, कुरकुरा आवाज, दोन्ही फिनने गिटारच्या भिंतीपुढे आणून उभे केले. भाबडेपणा आणि चिडचिड एकाच खोलीत बसून बोलताहेत असं वाटतं. गिटार बरेचदा तळहाताने तार दाबून वाजते, टक-टक-टक अशी, आणि ध्रुपदाला एकदम मोकळी सुटते. ओळ कळते, मग मुसंडी येते, मग आपण ओरडतो. त्यामागे बार्कर एकेका वळणाला वेगळं काही वाजवत राहतो, त्यामुळे तेच तीन-चार सूर कंटाळा आणत नाहीत. साधी गाणी आणि साधा नसलेला ड्रमर, हे मिश्रण त्या काळच्या दुसऱ्या पॉप पंक बँडकडे नव्हतं.

बारा गाणी आणि जेमतेम पस्तीस मिनिटं. लोकलच्या ठाणे ते चर्चगेट... नाही, तिथे गाडी बदलावी लागते. अंधेरी ते चर्चगेट म्हणू. अल्बम संपतो आणि उतरायची वेळ होते.

कट्ट्यावरची रात्र

आता मधली गाणी क्रमाने.

पाचवं ‘व्हॉट्स माय एज अगेन?’ मार्कचं. ग्रीन डेच्या एका गाण्यातली बेसची चाल शिकताना चुकली आणि त्या चुकीतून हे जमलं, असं तो सांगतो. मूळ नाव ‘पीटर पॅन कॉम्प्लेक्स’ होतं (पीटर पॅन म्हणजे गोष्टीतला कधीच मोठा न होणारा मुलगा), कंपनीने ते बदललं. गाण्यातला नायक तेवीस वर्षांचा. शुक्रवारी रात्री मुलीला भेटतो, ऐन वेळी टीव्ही लावून बसतो, ती निघून जाते. मग हा सार्वजनिक फोनवरून तिच्या आईला ‘पोलिस बोलतोय, तुमचा नवरा तुरुंगात आहे’ असं सांगतो. या वयात आपण कुणालाच का आवडत नाही हे त्याला पुरतं कळलेलं आहे, सुधारायचा विचार मात्र अजिबात नाही. लिहिणारा स्वतः तेव्हा सव्वीस-सत्तावीसचा होता, म्हणजे नायकापेक्षाही थोराड. व्हिडिओत तिघे लॉस एंजलिसच्या रस्त्यांवरून नागडे धावतात. दिग्दर्शक मार्कोस सिएगा.

सहावा तो गॅरी.

आणि मग सातवं, ‘ॲडम्स साँग’. हेही मार्कचं. दौरे संपले की टॉम आणि ट्रॅव्हिसची वाट पाहणारं कुणीतरी घरी होतं. मार्कचं कुणी नव्हतं. हजारो लोकांसमोर नाचून परत रिकाम्या खोलीत यायचं, त्या एकटेपणातून हे आलं. शीर्षक कुठून आलं ते ऐकण्यासारखं आहे: ‘मिस्टर शो’ या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमातल्या एका प्रहसनावरून. अल्बममधल्या सगळ्यात गंभीर गाण्याचं नावसुद्धा थट्टेतूनच उचललेलं.

मी हॉस्टेलमध्ये असताना कट्ट्यावर रात्री जे घडायचं ते आठवून मला या क्रमाचा उलगडा झाला. पोरं जमली की आधी अर्धा-पाऊण तास निव्वळ टिंगलटवाळी. ज्याच्या प्रेमात धोंडा पडलाय त्याची जास्त. कुणीतरी कुणाच्या तरी गॅरीला शिव्या घालतो. त्या सगळ्यात कधीतरी, विशेषतः अंधार पुरेसा झाला की, एखादा खालच्या आवाजात म्हणतो, ‘माझं काही खरं नाही रे.’ ते वाक्य संध्याकाळी सातला येऊन थेट कुणीही म्हणत नाही. म्हणायला लाज वाटते. अर्धा तास वाह्यातपणा केल्यावर मात्र सगळे सारखेच मूर्ख ठरलेले असतात, मग लाजायचं कुणापुढे? दोन मिनिटं कुणी काही बोलत नाही. मग एकजण त्याच्या पाठीत धपाटा घालतो, चल चहा घेऊ म्हणतो, आणि पुन्हा काहीतरी फालतू सुरू होतं. ते फालतू म्हणजे आठवं गाणं. त्या धपाट्यात ‘ऐकलं रे’ असं असतं.

म्हणून सहाव्यामुळे सातव्याचं हसं होत नाही. सहावं नसतं तर सातवं बोललंच गेलं नसतं. ज्या आवाजाने आत्ताच पोलिस बनून फोन केला होता त्याच आवाजाने चिठ्ठी वाचली, म्हणून ती खरी वाटते. दुःखाचा खास वेगळा गळा काढलेला नाही. आणि गाण्याची शेवटची कडवी वळतात. चिठ्ठी लिहिणारा उद्याच्या बऱ्या दिवसांबद्दल बोलायला लागतो, घरी जायचं म्हणतो. वरवर ऐकणाऱ्याच्या हातून नेमका हाच भाग निसटतो.

आठवं ‘ऑल द स्मॉल थिंग्ज’ टॉमने मैत्रिणीसाठी लिहिलं, पुढे दोघांचं लग्नही झालं. कंपनीला रेडिओसाठी एक गाणं लागणार हे ओळखून त्याने ते मुद्दाम सोपं ठेवलं. ‘ना ना ना’ हा रमोन्स या जुन्या बँडला केलेला नमस्कार. व्हिडिओत विमानतळावर बॅकस्ट्रीट बॉइज, ब्रिटनी स्पीअर्स, क्रिस्टिना ॲगिलेरा यांची यथेच्छ नक्कल केली. त्यावर पोरी बेहद्द खूश झाल्या, आणि ज्यांची टर उडवली त्यांच्याच रांगेत एमटीव्हीवर हे तिघे जाऊन बसले. २०००मध्ये त्याच व्हिडिओला एमटीव्हीचं सर्वोत्कृष्ट ग्रुप व्हिडिओचं बक्षीस मिळालं. गाणं बिलबोर्डच्या मुख्य यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. अल्बम आला तोच अल्बमच्या यादीत नवव्या क्रमांकावर, आणि पुढे एकट्या अमेरिकेत पन्नास लाखांच्या प्रमाणपत्राला पोचला.

बाकीच्या गाण्यांत ‘एलियन्स एग्झिस्ट’ एवढंच थांबून ऐकण्यासारखं. परग्रहवासी आहेत आणि सरकार ते लपवतंय, असं टॉम त्यात सांगतो. तेव्हा सगळे हसले. त्याने पुढे २०१७मध्ये याच विषयाला वाहिलेली संस्था काढली. तिने प्रसिद्धीला आणलेल्या नौदलाच्या वैमानिकांच्या चित्रफिती पेंटागॉनने एप्रिल २०२०मध्ये अधिकृतपणे जाहीर केल्या, त्यातल्या वस्तू ‘अनोळखी’ आहेत अशा शब्दांत. त्याचं म्हणणं सिद्ध झालं असं नव्हे. पण अल्बममधला सगळ्यात उघड विनोद त्याच्या लेखी कधी विनोद नव्हताच, हे तेव्हा लोकांच्या ध्यानात आलं.

शेवटचं ‘अँथम’ घरात अडकून पडलेल्या पोराचं. आपले मित्र एकवीस वर्षांचे असते तर, असं त्याला वाटतं, कारण अमेरिकेत त्याआधी दारू मिळत नाही.

मे २०००

‘ॲडम्स साँग’ २०००मध्ये सिंगल म्हणून, म्हणजे अल्बममधून वेगळं काढलेलं सुटं गाणं म्हणून निघालं. कोलंबाइन शाळेतला गोळीबार २० एप्रिल १९९९चा, अल्बम येण्याच्या दीड महिना आधीचा. त्यातून वाचलेल्या एका विद्यार्थ्याने मे २०००मध्ये आत्महत्या केली, आणि त्या वेळी हेच गाणं पुन्हा पुन्हा वाजत होतं. बातमी देशभर पसरली. गाण्यावर बोट ठेवणं सोपं होतं, ते ठेवलंही गेलं. मार्कला याचा जबर धक्का बसला. हे गाणं आत्महत्येच्या विरोधात आहे, हे त्याने पुढे वारंवार सांगितलं. या गाण्याने मला तगवलं, असं सांगणारी पत्रंही त्याला येत राहिली.

या प्रकरणात हा भाग माझ्या मांडणीला सर्वांत अडचणीचा आहे, तो टाळून पुढे जाता येत नाही. कट्ट्याचं मी म्हटलं ते पूर्ण अल्बम क्रमाने ऐकणाऱ्याबद्दल. सिंगल निघालं की सातवं गाणं सहाव्या-आठव्यापासून तुटतं. मग शिव्या देणारा मित्रही नाही आणि पाठीत धपाटाही नाही. एकाच गाण्यावर पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या सीडीत चिठ्ठी तेवढी उरते. एका मुलाच्या मरणाचं कारण गाण्यांच्या क्रमात शोधावं असं मी म्हणत नाही. त्या शाळेतून वाचलेला मुलगा मनात काय घेऊन जगत होता ते गाण्यापेक्षा फार मोठं होतं. इतकंच, की कट्टा मोडून त्यातलं एकच वाक्य रेडिओवर लावलं की ते दुसरं काहीतरी होतं.

नंतर

पुढचा अल्बम २००१मध्ये थेट पहिल्या क्रमांकावर उतरला. त्याचं नाव इथे भाषांतरित करण्याजोगं नाही. बँड २००५मध्ये फुटला. ऑगस्ट २००८मध्ये जेरी फिन गेला, वय एकोणचाळीस. पुढच्याच महिन्यात ट्रॅव्हिसचं विमान दक्षिण कॅरोलिनात कोसळलं. चौघे गेले, ट्रॅव्हिस आणि त्याचा मित्र डीजे एएम भाजून वाचले. त्या धक्क्याने तिघे पुन्हा बोलायला लागले आणि २००९मध्ये एकत्र आले. त्याच वर्षी डीजे एएमही गेला. त्यानंतर त्यांनी ‘ॲडम्स साँग’ वाजवणं थांबवलं, ते २०१८पर्यंत. मधल्या वर्षांत टॉम पुन्हा बाहेर पडला होता.

२०२१मध्ये मार्कला कर्करोग झाला. त्यातून तो बरा झाला, टॉम परत आला, आणि एप्रिल २०२३मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोचेला संगीत महोत्सवाच्या मंचावर १९९९चे तेच तिघे उभे राहिले. आपल्याकडे त्यांचा कार्यक्रम मी पाहिलेला नाही. मार्च २०२५मध्ये ग्रीन डे महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर वाजवून गेला, तेव्हा गर्दीत माझ्या वयाचे बरेच टकले आणि त्यांची कंटाळलेली पोरं होती.

कोचेलाला मार्क एक्कावन्न वर्षांचा होता. दोघांची एकमेकांची टवाळी अजून चालूच होती, अजून तितकीच अचरट. ‘व्हॉट्स माय एज अगेन?’मधल्या त्या पोराचं वय मात्र गाण्यात तेवीसच राहिलं आहे.